सुरमईची टोपली

मी नकला करतो. वेंगुर्ल्यात कुणाची हळद असो की वाडीतला कार्यक्रम, मी पुढारी काढतो, मास्तर काढतो आणि शेवटी ती नटी काढतो. ती आमच्याच खाडीपलीकडची. ऐन उमेदीची सगळी वर्षं मालवणी नाटकात घालवली तिनं. मग सिनेमावाल्यांनी मुंबईला नेलं आणि हातात काय दिलं? टोपली! दर सिनेमात मासेवाली, नाहीतर मोलकरीण. एकात ती शेणावरून घसरते, टोपली उडते आणि ती बोंबलते, "माजी सुरमय गेली गो!" झालं. जन्मभराची नटी लोकांना तेवढीच पाठ.

गेल्या मे महिन्यात मंडळानं तिचा सत्कार ठरवला. आणायला मला पाठवलं. रिक्षात मला लेकासारखी हाक मारून म्हणाली, "झिला, आज मी नाटकातल्या म्हातारेचा शेवटचा बोलणा करतलंय. अजून पाठ आसा. पंधरा मिनटां उभ्यान बोलूचा लागता. गुडघे गेले माजे, पुढल्या वर्षाक काय उभी रवाची नाय मी."

मी मंडपात जाऊन अध्यक्षांना सांगितलं. ते दात कोरत होते. "खुळो काय रे तू? लोकांका जेवण आसा. तिका म्हण, सुरमय बोल आणि बस."

मग सुरू झाला तो सत्कार. शालीला आधीच्या कुणाच्या तरी हळदीचा डाग. पाहुण्या पुढाऱ्यानं ती घातली तीसुद्धा फोटोवाल्याकडे तोंड करून, तिची मान अशी दाबून धरली, जणू कोंबडी सुटून जाईल. नंतर सेल्फीवाले. घामेजलेले गाल तिच्या गालाला चिकटवायचे, काम झालं की पुसायचे. तिचा नव्हे, आपला!

आणि त्यावर कडी म्हणजे एका दीडशहाण्यानं खरी टोपली आणली. आत बर्फातली खरी सुरमई. ती तिच्या डोक्यावर ठेवली. बर्फ वितळला नि ते लाल पाणी कपाळावरून, कानामागून तिच्या चांगल्या रेशमी साडीवर. लोक शिट्ट्या मारतायत, ती फोटोसाठी हसतेय. सूत्रसंचालनाचा माईक धरून मी बाजूला उभा.

भाषणं संपली. जेवणाआधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकानं देवाला मोठ्यानं विनवायचं आणि बाकीच्यांनी उभं राहून दर वाक्याला होकार द्यायचा. गाऱ्हाणं घालणारे काका सकाळपासून टाकून मंडपामागे आडवे. "कोण घालतला रे?" अध्यक्ष ओरडले.

"मी घालतंय," ती म्हणाली आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला. गाऱ्हाणं बाई घालत नाही, पण कुणी तोंड उघडायच्या आत तिनं सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की कुणी बसत नाही, कुणी मधे तोडत नाही. हे अध्यक्षांना ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

"ह्या गावची एक म्हातारी तुका इचारता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या झिलांनी तिका गोठ्यात बांधल्यानी, म्हशीच्या शेजारी. तुका दिसता मां रे म्हाराजा?"

"व्हय म्हा..." आता कुठे लोकांच्या लक्षात आलं, हे नाटकातलं बोलणं! अध्यक्षांनी मशीनवरच्या माईकवाल्याला डोळ्यांनी खूण केली, बंद कर. तो हात जोडून उभा होता. पुढारी चपला काढून "व्हय म्हाराजा" म्हणत होता. तिनं एक शब्द गाळला नाही. मागच्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. भात थंडगार.

शेवटचा होकार झाला मात्र, सगळे पत्रावळींवर तुटून पडले. ती सुरमई तळून पुढाऱ्याच्याच पानात गेली. तिला जेवायला थांब म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

परतताना रिक्षात ती पदर पिळत बसली. माशाच्या पाण्याचा उग्र वास मारत होता. "उभी रवलंय मां रे?"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. तेव्हा कुठे ती खरी हसली.

तेवढ्यात रिक्षावाल्यानं मान वळवली, "काकीनू, एकदा सुरमय होऊन जाऊंदे!"

"पुढे बघ आणि चलव," मी म्हटलं.