तारेतली जागा

एल्वा पेन्रोजला काहीही न करण्याचा पगार मिळतो, असं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वाल्गरिन गावच्या क्लबात सगळे म्हणत आणि एल्वाला त्याचा मनस्वी राग येई. गावाबाहेर, गव्हाची शेतं संपतात तिथे, कुंपणाच्या आत डिझेलवर वीज तयार करणारी दोन टर्बाइन उभी होती. उन्हाळ्यात पर्थ तापलं आणि सगळ्या शहराने एकदम एसी लावले, की ती सुरू करायची. एरवी वर्षभर नुसती तयार ठेवायची. कंपनीला पैसे मिळत ते या तयारीचे, वीज विकली काय अन् न विकली काय.

मेंढ्या पाळणारा नेव्ह स्टॅकपूल दर शुक्रवारी क्लबात तिला विचारी, "काय एल्वा, आज किती वेळ वाट बघितलीस?"

"तुझी बायको घरी बघतेय त्यापेक्षा कमीच," एल्वा म्हणे, आणि आपला ग्लास घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी जाई.

तयार राहणं हे काम आहे, हे ज्याने कधी केलं नाही त्याला सांगून पटत नाही. सकाळी उठून झडपा फिरवून बघायच्या, तेल बघायचं, केबलच्या चरात साप शिरलाय का ते बघायचं. गुलाबी काकाकुवे धुराड्यात घरटं करू बघत, त्यांना हाकलायचं. कापणीच्या दिवसांत सगळा भुसा आणि लाल धूळ टर्बाइनच्या नाकातोंडात जाई. पहिल्या यंत्राला एल्वा थोरली म्हणे, दुसऱ्याला धाकटी. थोरली दणकट होती. धाकटी मात्र दम्याच्या पेशंटसारखी, जरा धूळ बसली की तिला श्वास पुरत नसे. दरवर्षी सरकारी चाचणी असे, कंपनीने कबूल केली तेवढी वीज यंत्र देतं की नाही ते बघायला. तिच्या आदल्या दिवशी एल्वा धाकटीला न्हाऊ घाली. गरम साबणाचं पाणी हवेच्या तोंडातून आत सोडायचं, पाती सावकाश फिरवायची, आणि खालून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत उभं राहायचं. मग धाकटी नीट चाले आणि दरवर्षी पास होई.

हे वेड तिचं जुनं होतं. बाप रेल्वेच्या गँगमध्ये, पण पोरीला रुळांपेक्षा गावच्या पॉवरहाउसचा नाद. शाळा संपताच ती तिथे चिकटली. मग पर्थहून विजेची तार आली, गावोगावची पॉवरहाउसं बंद झाली. वाल्गरिनच्या हॉलमध्ये त्या आनंदात नाच ठेवला होता. सगळे नाचत असताना शेवटचं इंजिन बंद करायला कुणाला पाठवलं, तर एल्वाला. लग्नाचंही एकदा जमत आलं होतं, पण तो गडी कालगुर्लीच्या खाणीवर गेला आणि तिकडचाच झाला. पुढे आईचं दुखणं, आईचं जाणं, आणि मग कंपनीने गेटजवळ दिलेलं हे पत्र्याचं घर.

एल्वाला एकटेपणाची सवय झालीय, असं गाव म्हणे. लोकांना तसं म्हणणं सोयीचं होतं. सवय वगैरे काही नव्हती. संध्याकाळी वारा पडला की ती रेडिओवर गव्हाचे भाव ऐकत बसे, जरी तिच्याकडे गव्हाचा एक दाणा नव्हता.

मग शेजारच्या कुरणात ट्रक आले. पांढऱ्या पेट्या रांगेने मांडल्या गेल्या. बॅटऱ्या. दुपारच्या उन्हाची फुकट जाणारी वीज साठवायची आणि संध्याकाळी तारेत सोडायची, असा बेत. माणसं आली, काम करून गेली, आणि मागे एकच राहिला. हेमी, न्यूझीलंडचा माओरी, एवढा मोठा की एल्वाच्या दारातून वाकून यावं लागे. पहिल्याच रविवारी तो फडक्यात गुंडाळलेली गरम तळलेली ब्रेड घेऊन दारात उभा राहिला.

"आंटी, यावर घालायला गोल्डन सिरप आहे का घरात? माझं संपलं."

"आंटी कुणाला म्हणतोस रे? ओळख ना पाळख."

"सिरप दे, म्हणजे ओळख होईल."

तेव्हापासून दर रविवारी तो येई. तिकडे न्यूझीलंडात, नेपियरमध्ये असलेल्या बायकोच्या आणि दोन पोरींच्या गोष्टी सांगे. एल्वा त्याला धाकटीचे नखरे ऐकवी. दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसत आणि काही वेळा काही बोलतही नसत. कुणाशी तरी न बोलणं आणि कुणीच नसल्यामुळे न बोलणं यातला फरक एल्वाला वयाच्या साठाव्या वर्षी कळला. सोमवारी ती उठे ती पुढच्या रविवारचा विचार करत.

तेवढ्यात या तयारीच्या पैशांचा सरकारी नियम बदलला. तो समजावून द्यायला पर्थहून एक शहाणा तरुण आला, प्रोजेक्टर घेऊन. क्लबात पंखे गरगरत होते. तो बिचारा आकृत्यांवर आकृत्या दाखवत होता, आणि लोक बियरकडे बघत होते. शेवटी नेव्ह उठला.

"थांब रे बाबा. माझ्या कुरणात हजार मेंढ्या आहेत. पण वाड्याचं दार एवढं अरुंद की घाईच्या वेळी त्यातल्या दोनशेच बाहेर पडतात. तुम्ही आजवर मला हजार मेंढ्यांचे पैसे देत होता. आता दोनशेचेच देणार. असंच ना?"

"अगदी तसंच," तरुणाला हायसं वाटलं. "आजवर आम्ही प्रत्येक वीजकेंद्र एकेकटं मोजत होतो. आता बघणार, सगळ्यात गरम दिवशी, सगळे एकदम चालू असताना, तुमची ही एक तार प्रत्येकाचं किती वाहून नेऊ शकते. तेवढंच धरणार."

"मग दारातून आधी कोण जाणार?"

"जे आधीपासून आहेत ते. त्यांची तारेतली जागा त्यांच्याकडेच राहील. फक्त दरवर्षी चाचणीत तेवढी वीज देऊन दाखवायची. दुसऱ्या संधीतही कमी भरली, तर जागा जाते, परत मिळत नाही. ती रांगेतल्या पुढच्याला जाते."

"आणि नवीन माणसाला?"

"उरेल ते."

"इथे काय उरतंय?"

तरुणाने कागद चाळले. "सध्या तरी काही नाही."

खोलीतल्या सगळ्यांनी आधी एल्वाकडे बघितलं आणि मग हेमीकडे. हेमी हसला आणि त्याने एल्वाला ग्लास उंचावून दाखवला. त्या अख्ख्या तारेत थोरली आणि धाकटी पाय पसरून बसल्या होत्या.

रविवारी तिने स्वतःच विषय काढला. "तुझी कंपनी काय म्हणते?"

"काय म्हणणार? यंदा जागा नाही मिळाली तर गाशा गुंडाळणार. पेट्या ट्रकवर चढवून दुसरीकडे नेणार."

"आणि तू?"

"मी पेट्यांबरोबर, आंटी. जिथे पेट्या तिथे मी. पुन्हा नवं गाव, पुन्हा वाट बघत बसायचं." त्याने ब्रेडचा तुकडा सिरपमध्ये बुडवला. "तू नको वाईट वाटून घेऊ. तुझी जागा आहे ती. तू कमावलीस."

त्या आठवड्यात एल्वा फेऱ्या घालताना धाकटीपाशी जरा जास्तच रेंगाळली. तिच्या डोक्यात हिशेब सरळ होता. थोरलीच्या जिवावर आपली नोकरी राहील, घर राहील. धाकटीची जागा सुटली तर ती रांगेतल्या पुढच्याला, म्हणजे शेजारच्या कंपनीला जाईल, पेट्या राहतील, पेट्यांबरोबर हेमी राहील. पुढे कधी त्याची बायकापोरं येतील. वाल्गरिनच्या शाळेला तरी पोरं कुठे मिळतायत? तिने मनातल्या मनात त्या पोरींना अंगणात काकाकुव्यांमागे धावायलाही लावलं. इतकं सगळं तिने ठरवलं, पण हेमीला एका शब्दाने विचारलं नाही. उभ्या जन्मात तिने एकही वीजकेंद्र माणसाशिवाय पाहिलं नव्हतं. जिथे यंत्र चालतं तिथे माणूस असतो, यात विचारायचं काय?

चाचणीच्या आदल्या दिवशी तिने साबणाचा डबा खोलला, आत बघितलं आणि झाकण परत लावलं.

दुसऱ्या दिवशी थोरली झकास चालली. धाकटी धापा टाकत वर चढली आणि कबूल केलेल्या आकड्याच्या बरीच खाली अडकली. पर्थहून कंपनीचा मॅनेजर डर्मट याचा फोन आला. माणूस वाईट नव्हता.

"एल्वा, काय झालं गं तिला? अजून एक संधी आहे आपल्याला, पुढच्या आठवड्यात. तोवर नीट धुऊन घे. धुतलीस ना, की चालेल ती."

"हो," एल्वा म्हणाली. "धुते."

यंत्रांच्या बाबतीत ती आजवर कुणाशी खोटं बोलली नव्हती. पॉवरहाउसमध्ये एकदा तिच्या हातून बेअरिंग जळलं होतं, तेव्हाही तिने स्वतः जाऊन सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. पण तिने धाकटीला धुतलं नाही.

दुसऱ्या चाचणीत धाकटी जोर करता करता इतकी तापली की आपल्याआपणच बंद पडली. एल्वाने तिच्या पत्र्यावर हात ठेवला, तो चटका बसल्यावर काढला. "चुकलं माझं," ती धाकटीला म्हणाली. तिथे ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. कंपनीने धाकटीवर खर्च करायचा नाही असं ठरवलं. थोरली आहे तोवर तू आहेस, असं डर्मटने सांगितलं. धाकटीची जागा रांगेतल्या पुढच्याला गेली.

हेमी धावत आला, तो दिवस रविवारही नव्हता. त्याने एल्वाला जमिनीवरून उचललंच.

"मिळाली आंटी! जागा मिळाली!"

"खाली ठेव मेल्या, हाडं मोडशील!" एल्वा हसत होती. इतकी ती कित्येक वर्षांत हसली नव्हती. "आता पोरींना कधी आणतोस ते सांग. मागची खोली रिकामीच आहे."

"आणतो कुठे? मीच चाललो घरी!" हेमीचे डोळे भरून आले होते. "जागा मिळेपर्यंत पेट्या राखायला माणूस लागत होता, उंदीर, आग, चोर, काय काय. आता एकदा तारेला जोडल्या की सगळं पर्थहून चालतं. इथे कुणी लागतच नाही. किती वर्षं नुसता या गावातून त्या गावात वाट बघतोय मी. बायकोला फोन केला तर ती रडायलाच लागली."

एल्वाने त्याच्या शर्टावरची धूळ झटकल्यासारखं केलं. "बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं हो."

"तुझी धाकटी गेली म्हणून आमचं नशीब उघडलं. त्याचं मला फार वाईट वाटतं गं."

"म्हातारी झाली होती ती," एल्वा म्हणाली.

तो गेला. जाताना आपली खुर्ची तिच्या अंगणात ठेवून गेला, कारण विमानात नेता येत नव्हती. त्या उन्हाळ्यात पर्थ असं तापलं की विचारू नका. एल्वाने थोरली सुरू केली. कंट्रोलच्या खोलीतल्या पडद्यावर तार काठोकाठ भरलेली दिसत होती, निम्मी तिच्या थोरलीची, निम्मी शेजारच्या पेट्यांची. संध्याकाळी ती कुंपणापाशी गेली. पेट्यांचे पंखे घूं घूं करत होते आणि त्यांच्या रांगांमध्ये चिटपाखरू नव्हतं. तिला हेमीची इतकी आठवण आली की ती कुंपणाची तार धरून रडली, मोठ्याने, आणि तिला ऐकणारं तिथे मैलोन्‌मैल कुणी नव्हतं.

वर्ष फिरलं. पुन्हा चाचणीचा आदला दिवस आला, आणि तो रविवार होता. एल्वाने थोरलीला धुतलं. मग नळी ओढत ती धाकटीपाशी गेली आणि तिच्याही तोंडात गरम पाणी सोडलं. तेवढ्यात फोन वाजला. हेमी कधीमधी करायचा.

"काय चाललंय आंटी?"

"धाकटीला न्हाऊ घालतेय."

"आता कशाला? तिची जागा तर गेली ना?"

"गेली. पण कुंपणाच्या आत आहे ना अजून. दरवर्षी चाचणीच्या आधी घालतेच मी. नाही घातली की तिचा दम कोंडतो, पूर्ण भरत नाही."

मागे त्याच्या पोरींचा दंगा ऐकू येत होता.

"आंटी," तो हळू म्हणाला, "मग गेल्या वर्षी घातली होतीस का?"

एल्वाने नळी या हातातून त्या हातात घेतली.

"पोरी हाका मारतायत तुला," ती म्हणाली. "जा."

त्याने लगेच फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. मग धाकटी पोरगी फारच ओरडायला लागली आणि तो गेला. एल्वाने वाकून खालच्या नळाकडे बघितलं. पाणी अजून काळंच येत होतं, म्हणून ती तिथेच उभी राहिली.