पाहणारा कोण

संयोगिताच्या रागाची सुरुवात प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांच्या एका वाक्यानं झाली. "साताऱ्यात बसून सिरियाक हुतात्म्यांची साधनं कुठून आणणार? विषय सोपा घ्या. ओव्यांवर लिहा." सर तिच्या भल्याचंच सांगत होते, म्हणून ते जास्त लागलं. उंब्रजजवळच्या ऊसवाल्या घरातली मुलगी म्हणजे तिनं ओव्यांवरच लिहायचं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिनं विषय बदलला नाही. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत श्रद्धेपायी मारले गेलेल्या माणसांच्या कथा ती गोळा करत होती. ग्रीक आणि लॅटिन कथांची भाषांतरं मिळत. इराणच्या शापूर राजाच्या काळातल्या, सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतल्या कथांपाशी मात्र वाट बंद व्हायची. युरोपात छापलेल्या मूळ मजकुराची पानं नेटवर होती, पण ती लिपी तिला येत नव्हती. भाषांतरं शोधायला ती पुण्यापर्यंत जाऊन आली. एका ग्रंथपालानं न ऐकताच बायबलच्या कपाटाकडं बोट दाखवलं. परतीच्या एसटीत ती उंब्रजपर्यंत दात आवळून बसली होती.

वाट निघाली ती घरातूनच. आत्याचा मुलगा भाऊसो विट्याकडचा. तिकडची कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. भाऊसोचं दुकान केरळात, कोट्टायमला. तिथल्या चर्चमध्ये सिरियाक प्रार्थना अजून चालते, असं तिनं वाचलं होतं. तिनं त्याला फोन केला.

"तिथल्या मठात जायचं आणि फादरकडं हुतात्म्यांची पुस्तकं मागायची."

"फादरची भन माझं गिऱ्हाईक हाय, काम व्हतंय," भाऊसो म्हणाला. "पन तू किरिस्ताव व्हाया न्हाई न्हवं निघालीस? आई मला जित्ता सोडायची न्हाई. मग माझीबी कथा लिव तू."

जत्रेला येताना त्यानं केळ्याच्या वेफर्सच्या पिशवीतून इंग्रजी भाषांतरांच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणला. संयोगितानं तो वाचायला घेतला आणि तिचा राग कमी होण्याऐवजी वाढला. कथेमागून कथेत न्यायाधीश तेच विचारायचा, धमकी तीच, उत्तरही तेच. एकाच्या मरणाचा परिच्छेद उचलून दुसऱ्याच्या अंगावर चढवलेला. यात तो माणूस कुठं गेला? एका कथेत तार्बो नावाची बाई, तिची विधवा बहीण आणि दासी, तिघींना एकत्र मारतात. हाती आलेल्या मजकुरात नाव एकट्या तार्बोचं. त्या पानाच्या समासात तिनं पेन इतका दाबला की कागद फाटला. प्रत्येक कथेपुढं ती एकच प्रश्न लिहू लागली: हे पाहिलं कुणी?

त्याच उन्हाळ्यात नानासो घरी आले. ते तिचे धाकटे चुलते, फौजेतून सुभेदार होऊन आलेले आणि आता स्मारक समितीचे अध्यक्ष. थोरल्या चुलत्यांचा मुलगा यशराज, फौजेत नाईक, आदल्या पावसाळ्यात सिक्कीममध्ये मरण पावला होता. रस्ता खचून फौजेची गाडी दरीत कोसळली होती. त्याच्या स्मारकाच्या दगडावरचा मजकूर नानांनी आणला होता.

"तुझं हुतात्म्यांवरच चाललंय न्हवं? जरा शुद्धलेखन बघ."

"शत्रूच्या गोळीबाराची तमा न बाळगता," संयोगितानं वाचलं आणि ती थांबली. कॉलेजला जाताना ज्या फाट्यावर ती बस धरायची, तिथल्या स्मारकावर हेच शब्द होते. गाव वेगळं, जवान वेगळा.

"नाना, ह्यो शेजारच्या गावचा मजकूर हाय."

"मग? त्योबी जवानच हुता. दगडवाल्याकडं मजकूर तयार असतोय, नाव तेवढं बदलायचं."

"यशदादा गाडीत हुता. गोळीबार कुठला?"

"किरिस्तावांचं हुतात्मं गोड लागत्यात तुला. घरचा खुपायला लागला?"

"त्यांस्नीबी मी ह्येच विचारती, नाना. पाहिलं कुणी?"

"गाडी पलटून मेला असं लिवू? गाव तोंडावर थुकंल."

यशराजची बायको पूजा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवले. "तसंच गेलं की त्ये, नाना," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दोघी कवठे महांकाळला गेल्या. यशराजच्या तुकडीतला धुळा कोळेकर तिथं सुट्टीवर आला होता. पाऊस न पाहिलेल्या रानाच्या कडेला त्याचं घर होतं. त्यानं पूजाकडं न बघता सांगितलं.

"मी मागच्या गाडीत हुतो, वैनी. त्यानं रातभर पहारा दिला हुता, म्हनून पुढच्या गाडीत निजाया जागा दिली. त्यो झोपला हुता. डोळ्यांदेखत रस्ता खाली बसला." मग त्यानं पहिल्यांदा पूजाकडं पाहिलं. "हार घालाया बोलवत्यात मला. इचारलं कुनीच न्हाई."

परत आल्यावर पूजानं नानांना अंगणातच गाठलं. रविवारी अनावरण होतं. पडदा वीरपत्नीनं ओढायचा, मग आमदारसाहेबांचं भाषण, मग फोटो.

"दगडावर ह्येच ऱ्हाणार आसंल तर पडदा मी वढायची न्हाई, नाना."

"साहेब यायचं हायत, पोरी. पत्रिका वाटल्यात."

"येऊ द्या की. माझी लेक दुसरीत हाय, वाचाया शिकलीया. तिनं दुसऱ्याच्या बापाचं मरान पाठ करायचं?"

नाना बाजेवर बसले. "शिकलेल्या पोरींनी घर नासवलं," ते संयोगिताकडं बघून म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला, दगडवाल्याला लावला आणि संयोगिताच्या हातात दिला.

तिनं सावकाश सांगितलं. नाईक यशराज. गाव. जन्माची तारीख, मरणाची तारीख. रात्रभर पहारा देऊन परतताना, सिक्कीममध्ये रस्ता खचून गाडी दरीत गेली. मागच्या गाडीतून धुळा कोळेकर यांनी पाहिलं.

"यवढंच?" दगडवाला म्हणाला. "त्येवढंच कोरलं तर निम्मा दगड मोकळा ऱ्हातोय, ताई. तोफंची नक्षी हाय आमच्याकडं, मशाल हाय..."

"मोकळा ऱ्हाऊ दे."

"आन् अध्यक्षांनी सांगाया पायजे."

तिनं फोन नानांपुढं धरला आणि ते खरंच हो म्हणतात का, हे ऐकायला तिथंच उभी राहिली.