डाव्या बाजूची सीट

आमच्या गॅरेजात एक पत्र्याचा डबा आहे. कुठल्या गाडीतून उरलेला नट, कुठला वायसर, फेकवत नाही म्हणून सगळं त्यात जातं. किस्स्यांचंही तसंच झालंय. रत्नागिरीहून येताना पालीच्या अलीकडे हायवेला आमचं गॅरेज. लग्न झाल्यापासून मी काउंटरला बसते, पावत्या करते, पार्ट काढून देते. माहेरी गेले की बहिणी म्हणतात, "सांग गो एखादा गॅरेजातला." पूर्वी हसायचे किस्से निघायचे. हल्ली हात घातला की नानांच्या गाडीचेच हाताला लागतात.

*

नाना आमचं जुनं गिऱ्हाईक, मूळचे दाभोळचे. सगळी नोकरी जहाजाच्या इंजिन रूममध्ये. रिटायर झाल्यावर रत्नागिरीत घर बांधलं आणि हौसेने एक जुनी गाडी घेतली. काळी, गोल दिव्यांची, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बोनेट पुसायला धोतराचं मऊ फडकं लागायचं त्यांना, दुसरं चालायचं नाही.

नानांना एकच खोड. उतार दिसला की गाडी न्यूट्रल करायची. पेट्रोल वाचतं म्हणून.

आमचे हे कितीदा म्हणाले, "नाना, उतारावर गाडी गिअरात हवी. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापले की मग धरत नाहीत."

नाना हसायचे. "अरे, इंजिन बंद केलं तरी जहाज मैलभर जातं. मला शिकवतोस?"

डावीकडे त्यांच्या पत्नी माई बसलेल्या असायच्या, मांडीवर पिशवी घेऊन. त्या म्हणायच्या, "जहाजाखाली पाणी असतं हो. घाटाखाली साखरपा आहे."

आम्ही सगळे हसायचो. नानाही.

*

माईंचे डोळे दाखवायला दोघं कोल्हापूरला गेली होती. परत येताना आंबा घाटात ब्रेकचं पेडल तळाला गेलं. एका बाजूला दरी. नानांनी गाडी डोंगराला घातली.

डोंगर डावीकडे होता. माईही डावीकडे होत्या.

गाडी क्रेनने आमच्याकडे आली. भेटेल त्याला नाना सांगायचे, "ड्रम तापले. जुनी पद्धत ती. ड्रमने घात केलान." खोटं नव्हतं ते.

त्यांची एकुलती मुलगी सुषमा लोट्याला कंपनीत नोकरी करते. ती आली, चेपलेल्या दारातून आत वाकली आणि तिने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला.

"दादा, गाडी आणलीत तेव्हा कुठल्या गिअरला होती?"

हे म्हणाले, "ओढून आणायची तर न्यूट्रलच करावी लागते, ताई."

"करावी लागली, की होतीच?"

ह्यांनी पाना उचलला आणि दुसऱ्याच गाडीखाली शिरले.

तेरावं झाल्यावर सुषमाने वडिलांना सांगितलं, "त्या गाडीत आणि ह्या घरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही." आणि ती लोट्याला निघून गेली.

*

पावसाळा सरल्यावर नाना आले. पत्र्याचं काम तोवर झालेलं होतं. आम्हाला वाटलं, गाडी विकायचं बोलणार.

"पुढचे ड्रम काढ. डिस्क ब्रेक बसव."

हे म्हणाले, "नाना, ह्या गाडीला डिस्क यायचेच नाहीत. दुसऱ्या गाडीचे हब, कॅलिपर शोधायचे, त्यांना पट्टी करून घ्यायची लेथवर. कशाला? भंगारात द्या."

"भंगारात दिली तर सुषमा कशात बसेल?" नाना म्हणाले. "ब्रेक नवीन झाले म्हटल्यावर येईल ती. एकदा गाडीत बसली की घरीही येईल."

हे कोल्हापूरच्या जुन्या बाजारात जाऊन पार्ट घेऊन आले.

नाना जाताना दारात थांबले. "आणि डावी सीट काढून टाक."

सीट आमच्या माळ्यावर गेली. वर चढवताना तिच्या खिशातून खडीसाखरेची पुडी पडली. मी ती परत होती तिथेच ठेवली.

*

मोठं काम असलं की आमचा जुना मिस्त्री दत्ता गाऱ्हाणं घालतो. नारळ ठेवायचा, देवाला काम सांगायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. सगळ्यांचा होकार आल्याशिवाय दत्ता पुढे सरकत नाही.

"बा देवा, आज ह्या गाडीचे ड्रम उतरवतो आहोत, महाराजा."

"होय महाराजा."

"नवीन ब्रेक चढवतो आहोत, ते यशाला जाऊ देत, महाराजा."

"होय महाराजा."

"चालवणाऱ्याच्या हातून काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल, महाराजा."

हे वाक्य त्याच्या गाऱ्हाण्यात असतंच. रिक्षा असो नाहीतर टेम्पो, तो ते म्हणतोच. आम्ही होय म्हटलं. नाना गप्प.

दत्ता थांबला. वाट पाहिलीन. मग हळूच म्हणाला, "नाना, होय म्हणा. देव खोळंबलाय."

नाना म्हणाले, "तू ब्रेकचं गाऱ्हाणं घाल. बाकीच्याशी तुला काय करायचंय?"

नारळ तसाच फोडला. गाऱ्हाणं अर्धंच राहिलं.

*

डिस्क बसल्या. पाइपातली हवा काढायला पेडल दाबणारं माणूस लागतं, ते काम माझं. मी नानांच्या जागेवर बसले. खालून हे ओरडायचे, "दाब. धरून ठेव. सोड." शेजारी नुसती मोकळी जागा, चार बोल्टांची भोकं. तिकडे बघायचं नाही असं ठरवलं तरी मान वळायचीच.

मग गाडी अंगणात फिरवली, तर पुढच्या चाकांतून धूर! ड्रमच्या मास्टर सिलिंडरात एक छोटी झडप असते. ती पाइपात थोडा दाब कायम राखते. ड्रमला तो हवा असतो, डिस्कला चालत नाही, पॅड घासतच राहतात. ती झडप काढायची राहून गेली होती. गाडी जागची हलेना.

दत्ता म्हणाला, "घ्या. आधी थांबत नव्हती, आता सुटत नाही."

आम्हाला हसू आलं. नानांनी बोनेटवर हात ठेवला.

"राहू दे तशीच," ते म्हणाले. "त्या दिवशी अशीच हवी होती."

दत्ताने दुपारी झडप काढली. कुणी पुन्हा हसलं नाही.

*

आमच्याकडे एक नियम आहे. ब्रेकचं काम केलं की पहिल्या उतारावर काम करणाऱ्याने गिऱ्हाइकासोबत बसायचं. हे निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात एस.टी.तून सुषमा उतरली. नानांनी तिला फोन केला होता, "ब्रेक बदललेत. एकदा बसून बघ."

तिने आत डोकावलं. "सीट कुठाय?"

दत्ता माळ्यावर चढला. चार बोल्ट आवळून होईपर्यंत ती उभीच होती. मी चहा दिला, तो निवला.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

नानांनी दिली. ती चालवायला बसली.

"बाबा, तुम्ही डावीकडे."

नाना गाडीला वळसा घालून गेले. दार उघडून थोडा वेळ सीटकडे बघत राहिले, मग बसले. ह्यांनी नियमाप्रमाणे मागचं दार धरलं.

"दादा, तुम्ही नका येऊ."

गाडी घाटाच्या दिशेने गेली. ह्यांनी त्या दुपारी एकाही कामाला हात लावला नाही. मी पावत्या लिहायला घेतल्या आणि तारीखच चुकवली. उन्हं उतरल्यावर ओळखीचा हॉर्न आला.

हे धावत डाव्या खिडकीशी गेले. "नाना, कसे लागतात ब्रेक?"

नानांच्या मांडीवर खडीसाखरेची पुडी होती. दार अर्धं उघडलेलं, पण ते उतरत नव्हते.

"अख्खा घाट सेकंड गिअरला उतरवलीन," ते म्हणाले. "ब्रेकला पाय लावलान नाही."

सुषमाचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. ती समोर बघत म्हणाली, "दार लावा, बाबा. घरी जायचंय."