भासऱ्यांसमोर मीटिंग

वर्ध्याच्या उन्हाळ्यात व्हिडिओ मीटिंग घ्यायची म्हणजे आधी कूलर बंद करायचा. ही अक्कल मला पुण्याच्या साहेबांची बोलणी खाऊन आली. कूलरच्या घरघरीत त्यांना आमचं काही ऐकू जात नसे आणि खिडकी उघडावी तर खालच्या ऑटोवाल्यांचा गलका आत येई. म्हणून दर गुरुवारी सगळं बंद करून कापडाच्या दुकानावरच्या त्या खोलीत आम्ही एका कॉम्प्युटरसमोर घामाने निथळत बसायचो.

गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. हे साहेब पुण्याचे प्रकाशक, शाळेची गाइडं छापत. त्यांचं टायपिंग आणि प्रूफं आमच्याकडे होत. ऑफिस माझ्या ताब्यात, म्हणून मीटिंगही माझ्याच गळ्यात. साहेबांनी "आवाज येतोय का?" विचारलं की आमची मंडळी एका सुरात "हो सर" ओरडत, आणि साहेब दचकून हेडफोन काढत. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं, बोलणाऱ्याने कॅमेऱ्याजवळच्या खुर्चीत यायचं, हे सगळं मी डाफरून डाफरून बसवलं होतं.

एका जागी मात्र माझं काही चालत नव्हतं. आमची प्रूफं वाचणारी मुलगी जवळच्या सेलू गावची सून. हिशोब आणि पार्सलं पाहणारे गृहस्थ तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे भासरे. "आमच्या घरची बहू बीए झाली आहे, तिले घ्या," असं त्यांनीच मला सांगितलं होतं. पण त्यांच्या घरात सून भासऱ्यांसमोर तोंड उघडत नसे. दोघं एकाच एसटीने येत, ते पुढे, ती मागे. ऑफिसात हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर बसत, आणि तरी ती माझ्या कानाशी येऊन म्हणे, "मॅडम, गणिताचं पार्सल गेलं का, विचारा नं." मग मी वळून म्हणायची, "ऐकलंत ना?" तेही मलाच सांगत, "गेलं म्हणा." मला हसूही येई आणि वैतागही.

मीटिंगमध्येही तेच. साहेब तिला विचारत, ती माझ्या कानात सांगे आणि मी ते मोठ्याने बोले. रोज हेच पाहणाऱ्या आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. पुण्याहून दिसायचं ते वेगळंच. एका गुरुवारी साहेब म्हणाले, "ती बाई नेमकं काय करते? प्रूफं तुम्हीच वाचता, असं दिसतंय. वर्ध्यातला एक माणूस कमी करायचाच आहे. पुढच्या वेळी प्रत्येकाने आपलं काम स्वतः सांगायचं."

त्या आठवड्यात मी तिला नाना परींनी समजावलं. "मॅडम, ते समोर असले की आवाजच निघत नाई," एवढंच ती म्हणाली आणि प्रूफात डोकं घालून रडली. मला त्या रीतीचा असा संताप आला होता! पण तिच्या मागच्या टेबलावर ते गृहस्थ पार्सलाची सुतळी नुसतीच सोडत-बांधत होते, ते पाहून त्यांच्यावर रागावणंही जमेना.

गुरुवार आला. तिची पाळी आली तसे भासरे उठले. "पार्सल पाहून येतो," म्हणाले आणि बाहेरच्या गॅलरीत जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं. पार्सलं सगळी आतच होती. गॅलरीत होतं ते फक्त ऊन.

ती पुढच्या खुर्चीत येऊन बसली. आधी चाचरली, मग बोलू लागली. विज्ञानाच्या गाइडात पुण्याकडूनच दोन धडे एकमेकांत मिसळून आलेले तिने कसे पकडले, तेही न घाबरता सांगितलं. साहेब चक्क "वा!" म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "ती मागची खुर्ची रिकामी कशी? हिशोबवाले मीटिंगमधून उठून जातात? मग कमी कोणाला करायचं, हे ठरलंच की."

मी तोंड उघडणार, त्याआधी ती उठली. दार उघडून तिने सगळ्यांदेखत हाक मारली, "भाऊजी, आत या जी!"

ते आत आले. सदरा भिजून अंगाला चिकटला होता. सवयीने त्यांनी मलाच विचारलं, "काय झालं मॅडम?"

"मला नका विचारू," मी म्हटलं. "ज्यांनी हाक मारली त्यांना विचारा."

ते तिच्याकडे वळले. पाहत होते जमिनीकडेच. "काऊन बोलावलं?"

"तुमची नोकरी जाऊन राह्यली, भाऊजी," ती म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही उन्हात उभे राह्यले, हे साहेबाले माहीत नाई. तुम्हीच सांगा. नाई तर मी सांगते."

पडद्यावर साहेब हलेनात. मला वाटलं, नेट अडकलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "कोणाचीच जात नाही. बसा दोघं. मॅडम, पुढचं घ्या."

पुढचं काय होतं, ते मला दिसेचना. मी खुशाल रडत होते.