तेल गप्प आहे का?

विदोयेच्या घरी येणारा पाहुणा आधी नाक मुरडायचा आणि मग बसायचा. इतरांच्या अंगणात आलुबुखारांच्या दारूची पिंपं असतात, तिथे याच्याकडे जळक्या ऑइलची पिंपं होती. गॅरेजवाल्याने गाड्यांमधून काढलेलं काळंकुट्ट ऑइल तो डब्यांतून घरी आणायचा आणि त्याचं डिझेल करायचा. करायचा म्हणजे काय, तर बरेच महिने काहीच करायचा नाही. "दारू काय नि ऑइल काय, घाई केली की बिघडलं," असं म्हणून उन्हाळाभर ते पिंपात निवळत ठेवायचा. तोटीही त्याने मुद्दाम तळापासून वीतभर वर बसवलेली, म्हणजे गाळ खालीच राहायचा. मग ऑइल गरम करायचं, आधी बायकोच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यांतून आणि मग जीन पँटच्या पायाच्या पिशवीतून गाळायचं, आणि त्यात पंपावरचं थोडं डिझेल मिसळायचं. त्यावर त्याचा म्हातारा ट्रॅक्टर खोकायचा, धूर ओकायचा, पण डोंगर चढायचा.

शेवटची परीक्षा मात्र बायकोच्या, मिलुंकाच्या, स्वयंपाकघरात व्हायची. लाकडांवर पेटणाऱ्या शेगडीचा पत्रा चांगला तापला की विदोये त्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा. तेलात पाणी असेल तर थेंब तडतडतो. विदोयेच्या भाषेत, तेल बोलतं. बोललं की डबा परत पिंपाकडे, गप्प राहिलं की ट्रॅक्टरच्या टाकीत. हे ऐकताना तो डोळे मिटून, मान तिरकी करून असा उभा राहायचा, की जणू पापं ऐकून घेणारा पाद्रीच.

"मी लग्न माणसाशी केलं की पेट्रोलपंपाशी?" मिलुंका विचारायची. विदोये हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा. निदान तिला तरी इतके दिवस तसंच वाटत होतं.

शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीचं, स्नेझानाचं, एकच पालुपद होतं. "ट्रॅक्टर विका, घराला कुलूप लावा नि आमच्याकडे चला. बाबांना फोन केला तर उचलत नाहीत. उद्या काही झालं म्हणजे?" मिलुंका वर वर म्हणायची, येते बाई, या वासातून तरी सुटेन. पण शहरातल्या चौथ्या मजल्यावर कोंबड्या नाहीत, की कुंपणावरून बोलायला शेजार नाही. तिथे आपण वर्षभरात संपू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विदोये तर महिनाभरातच.

त्यांच्या कुळाचा संत निकोला. त्याचा दिवस ऐन हिवाळ्यात येतो. त्या सकाळी मिलुंका चर्चला जायचे मोजे शोधायला गेली, तर ते जुने नव्हे, चांगले मोजे, ऑइलने माखून पिंपावर वाळत होते. तिचं डोकं भडकलं. सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून बोलणंच बंद केलं. संताच्या नावाचा पाव फडक्यात बांधत ती पाठमोरी उभी होती. तेवढ्यात विदोये आत आला, त्याने पत्र्यावर थेंब सोडला, डोळे मिटले.

थेंब तडतडला, कढईत मासा सोडावा तसा.

विदोये मान डोलावून म्हणाला, "गप्प आहे," आणि डबा घेऊन बाहेर गेला.

आता तेलाच्या बाबतीतही आपलंच खरं करायला लागला का हा, असं मिलुंकाच्या मनात आलं. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती मूग गिळून बसली.

पाव आणि नैवेद्याचे शिजवलेले गहू मांडीवर घेऊन ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली. स्मशानाखालच्या चढावर ट्रॅक्टरने दोन आचके दिले आणि मान टाकली. पाण्याने डाव साधला होता. इंजिन थांबलं तशी सगळीकडे बर्फातली शांतता पसरली, आणि त्या शांततेत वर चर्चची घंटा दणदणत होती. दरीतून तिचा घुमारा परत येत होता.

विदोये खाली उतरला, टाकीवर थाप मारून म्हणाला, "घाबरू नकोस. अजून घंटा कुठे झालीय?"

मिलुंकाच्या हातातला पाव कलला. एका क्षणात तिला सगळं उमगलं. उचलले न गेलेले फोन, अर्ध्यावर सुटलेली भांडणं, सकाळचा तो थेंब. तिचा नवरा तिच्याकडे कानाडोळा करत नव्हता. त्याला ऐकूच येत नव्हतं, आणि लाजेपायी तो ते एकटाच वागवत होता. तिला भडभडून आलं. तिला स्वतःचा रागही आला, कारण एका शब्दाने हे टळलं असतं.

इतक्यात सणासाठी शहरातून निघालेल्या स्नेझानाची गाडी मागून आली. वरून शेजारचा तियोसाव दोर घेऊन उतरला.

"काय विदोये, आज मासे तळायचं तेल घातलंस की काय?" तियोसाव ओरडला.

विदोये सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत कसनुसं हसला. "तेल गप्प होतं," तो पुटपुटला. "मी ऐकलं ना."

"आता बस झालं," स्नेझाना म्हणाली. "आई, बाबांना काय झालंय? आज खरं सांग."

विदोयेने मिलुंकाकडे पाहिलं. असा तो तिच्याकडे कधी पाहत नसे.

"त्याला काय धाड भरलीय?" मिलुंका कडाडली. "मी डबा विसळला नि पाणी तसंच राहिलं. माझ्या मोज्यांचं वाटोळं केलं, म्हणून बोलले नाही. जा, दोर बांधा. पाद्री वाट बघतोय."

तियोसाव खो खो हसला. स्नेझाना आईकडे बघत राहिली, पण दोर बांधायला वाकली.

दोन दिवसांनी सणाचे पाहुणे पांगल्यावर विदोयेने टाकी रिकामी केली, पिंपाचं झाकण घट्ट केलं आणि नवं तेल गाळलं. यावेळी जुन्याच मोज्यांतून. मग स्वयंपाकघरात येऊन पत्र्यावर थेंब सोडला. डोळे मिटले नाहीत. वळून बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय म्हणतंय?"

मिलुंका जवळ आली, पत्र्याशी कान नेला आणि नीट ऐकलं.

"गप्प आहे," ती मोठ्याने म्हणाली.

विदोये डबा घेऊन दारापर्यंत गेला आणि थांबला.

"त्या दिवशी तू होतीस तसं गप्प, की खरंच गप्प?"

मिलुंकाने एप्रनला हात पुसले, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याला ओठ दिसतील असं म्हणाली, "खरंच."