भोंगाबाईचा प्रश्न

चारचौघांत काय विचारावं याची माणसाला थोडी तरी लाज हवी, असं माझी आई म्हणे. भोंगाबाईला ती अजिबात नव्हती. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचा भोंगा चिंचणीपर्यंत ऐकू येई आणि दवाखान्यातल्या या नर्सबाईंचा आवाज त्यालाही हार जाणारा नव्हता, म्हणून बायकांनी हे नाव ठेवलेलं. भर विहिरीवर ती एका बाळंतिणीला टाके सुकले का, म्हणून विचारत होती, ते मी पहिल्यांदा ऐकलं आणि माझ्या हातून दोर सुटून पोहरा विहिरीत गेला.

माझं माहेर-सासर दोन्ही वाईकडचं, शाकाहारी. नवरा बांधकामावर फिटर म्हणून लागला आणि तो, विधवा सासूबाई आणि मी असे तिघं चिंचणीत मच्छीमारांच्या आळीलगत भाड्याने राहायला आलो. दारासमोर बोंबील वाळत. तो वास अंथरुणात, केसांत, सगळीकडे. काही महिन्यांनी माझ्या अंगावरून पांढरं, पातळ जाऊ लागलं आणि त्यालाही तसाच मासळीचा वास. मला वाटलं, बोंबलांचाच वास अंगात मुरला. सासूबाईंना वाटलं, मी शेजारी जाऊन चोरून खाते. त्यांनी मला देवाजवळ फिरकू देणं बंद केलं. नवऱ्याने काही न बोलता खाट ओटीवर नेली. त्या न बोलण्याचा मला फार राग आला होता.

सासूबाईंनी तुरटीच्या पाण्याने आतून धुवायला सांगितलं. मी साबण वाढवला. मग जखमेवर लावायचं औषधही पाण्यात घालू लागले. सकाळ-संध्याकाळ धुवायचं, आग आग व्हायची, आणि वास होता त्याहून जास्त. शेवटी सासूबाईंनी मुलाकडून माझ्या वडिलांना पत्र लिहवून घेतलं, मुलीला घेऊन जा म्हणून. ते त्याच्या खिशात होतं, फक्त टपालात पडायचं राहिलं होतं.

अशात एका सकाळी भोंगाबाई देवीची लस टोचायला घरोघर फिरत आमच्याकडे आली. हात धुवायला मोरीशी गेली. तिथला तुरटीचा खडा, साबण आणि औषधाची बाटली तिने पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. नवरा समोर चहा पीत बसलेला.

“बाय, खालून मासळीचा वास येतो काय? आतून धुतेस तू?”

नवऱ्याची बशी कलंडली. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. धरणीने मला पोटात घेतलं असतं तर मी आनंदाने गेले असते.

भोंगाबाई तिथेच फतकल मारून बसली. हे बोंबलांनी होत नाही, खाण्याने होत नाही आणि बाईच्या वाईट चालीचीही ही खूण नाही, असं तिने अख्ख्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. “विरजणावर दही लागतं ना, तसे आत चांगले जंतू हायेत. ते रोज धुऊन काढतेस, मग वाईटांचंच राज्य. आत हात लावायचा नाय. बाहेरून साधं पाणी, बास.” जाताना नवऱ्याला म्हणाली, “उद्या हिला डॉक्टरीणबाईंकडे नेते, त्यांचं औषध संपलं की ओटीवरची खाट आत घ्या. आन् ते चूळ भरल्यासारखं तोंड करून बसू नका, बायकोशी बोला.”

ती गेल्यावर सासूबाईंनी उंबऱ्यावर पाणी ओतलं. असली निर्लज्ज बाई जन्मात पाहिली नाही म्हणाल्या. खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला एसटीत घालून पालघरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, अंगावरचं काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, गोळ्या दिल्या. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, हे भोंगाबाईने मला परतीच्या वाटेवर तीनदा बजावलं. वास गेला. पत्र चुलीत गेलं. पुढे मी पुन्हा धास्तीने धुवायला लागले आणि दुखणं उलटलं, तेव्हा तिने मला विहिरीवर सगळ्यांसमोर झाडलं. सासूबाई मात्र ती दिसली की तोंड फिरवून आत जात.

दोन वर्षांनी तिची बदली जव्हारकडे झाली. ट्रंक घेऊन ती निरोपाला आली. नाक्यावर तिची एसटी उभी होती, कंडक्टर तिला हाका मारत होता. एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

“माझंही तेच आहे,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षं झाली. पोराचे वडील जाईपर्यंत ओटीवरच झोपले.”

मोरीतला तो तुरटीचा खडा सासूबाईंनी वाईहून सोबत आणलेला होता. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनचा.

भोंगाबाईने ट्रंक खाली ठेवली. इतकी वर्षं म्हणजे दुसरंही काही असेल, डॉक्टरीणबाईंनाच दाखवायला हवं, असं ती म्हणाली. एसटी सुटली तरी तिने वळून पाहिलं नाही. सासूबाईंना हाताला धरून ओट्यावर बसवलं, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि काही विचारलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही.