आईच्या हाताला येणाऱ्या मुंग्या

मी शाळेत दहावीला विज्ञान शिकवतो. अर्थिंग म्हणजे काय, प्लगची तिसरी पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब का असते, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. आणि माझ्याच घरात, माझ्या आईच्या हातातून दीड-दोन महिने वीज जात होती. ती हे रोज सांगत होती. मी ऐकलं नाही. हे लिहायचं मी बरेच दिवस टाळलं.

आम्ही युसूफ वडगावला राहतो. घरात तिघंच. आई, माझी बायको आणि मी. वडील जाऊन आता सहा वर्षं झाली. आईवडिलांनी उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीत घालवली. आईचे तळहात अजून चामड्यासारखे टणक आहेत. गरम तवा ती फडक्याशिवाय उचलते.

घरावर सोलर बसवलं तेव्हा दिवसाची वीज घरचीच झाली, म्हणून मी दोन प्लेटांची विजेची शेगडी आणली. आईने पहिले दोन दिवस तिला हात लावला नाही. लांबून बघायची.

"जाळ न्हाई, धूर न्हाई, अन् शिजतंय कसं रे हे?" तिने विचारलं.

मी समजावून सांगितलं. आत तार असते, तारेत वीज अडखळते, तार तापते. तिने मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी पिठलं केलं. त्यानंतर शेगडी तिचीच झाली. आयुष्यभर धुरात डोळे चोळत स्वयंपाक केलेल्या बाईला बिनधुराची चूल मिळाली होती. भाकरी तेवढी ती परसातल्या चुलीवर करायची, बाकी सगळं शेगडीवर. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवायची.

दूध उतू जायचं, भाताची पेज सांडायची. बायको वरून ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. शेगडी उलटी करून खाली काय चाललंय हे कुणी कधी पाहिलं नाही. ते काम माझं होतं. घरात तेवढं कळणारा मी एकटाच होतो.

संक्रांत होऊन गेली होती. एका सकाळी मी शाळेला निघताना आई म्हणाली, "बाबा, पातेलं चावतंय."

मी हसलो. "चावतंय म्हंजी?"

"हाताला मुंग्या येत्यात. पातेल्याला हात लावला की येत्यात."

आईला साखरेचा आजार होता. साखर जास्त झाली की हातापायांना मुंग्या येतात, हे मला माहीत होतं. मी तसं तिला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिला केजला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना मीच सांगितलं, हाताला मुंग्या येतात म्हणून. ती मधेच म्हणाली, "सारख्या न्हाई येत, शेगडीपाशीच येत्यात." मी तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं. बाहेर पेशंटची रांग लागलेली. त्यांच्यापर्यंत माझंच बोलणं पोहोचलं, तिचं नाही. त्यांनी त्यावरून गोळ्या दिल्या. त्यांची काय चूक?

गोळ्यांनी फरक पडला नाही. मग आई चपला घालून स्वयंपाकघरात जायला लागली. ज्या बाईने जन्मभर कुणाला चपलेनिशी उंबरा ओलांडू दिला नाही, ती रबरी स्लिपर घालून ओट्यासमोर उभी राहायला लागली. बायको आईला आत्या म्हणते. तिने विचारलं, "आत्या, कावून घातल्या चपला?"

"चपला घातल्या की चावत न्हाई," ती म्हणाली.

पुढे तिला स्वयंपाकघरातल्या चपलांचीच लाज वाटायला लागली असावी. तिने देवघरासमोरचा लाकडी पाट आणला, तो ओट्यापुढे ठेवला आणि त्यावर उभी राहून भाजी हलवायला लागली. मी घरी आलो की सांगायची, "पाटावर उभं ऱ्हायलं की कायबी न्हाई. खाली उतरलं की चावतं. अन् सकाळच्याला लई चावतंय, शेगडी तापली की कमी होतंय."

तिने प्रयोग केला होता. एक गोष्ट बदलायची, बाकी तशाच ठेवायच्या आणि काय होतं ते बघायचं. मी वर्गात हेच शिकवतो. लाकडातून वीज जात नाही, रबरातून जात नाही, हे तिने स्वतःच्या अंगावर तपासलं होतं. शेगडीच्या आत ओल धरते, तापली की ती सुकते आणि गळती कमी होते, हेही तिने ओळखलं होतं. तिला फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. नाव मला माहीत होतं.

मी म्हणालो, "आई, मनाचे खेळ असतेत. तू इचार करू नको."

रात्रीच्या जेवणानंतर बायको आणि मी हळू आवाजात बोललो. तिला वाटत होतं की आत्यांचं वय झालं, काहीबाही वाटायला लागलं. मलाही तेच वाटत होतं. चपला, पाट, चावणारं पातेलं. एखाद्या दिवशी भाजून घेतील, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं की आता स्वयंपाक नको, आराम कर.

आई म्हणाली, "म्या येडी झाले का रे?"

"तसं न्हाई आई."

तिने पाट उचलून देवघरासमोर नेऊन ठेवला आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसली. त्यानंतर तिने शेगडीचं नाव काढलं नाही. जेवायला दिलं तेवढं खायची.

बायकोला सुरुवातीला काही जाणवलं नाही. ती घरात कायम स्लिपर घालायची, पाय दुखतात म्हणून. आईसमोर स्वयंपाकघरात काढून ठेवायची, पण आई आत येईनाशी झाल्यावर तेही सुटलं.

चैत्रातला रविवार होता. बायकोने सकाळी स्वयंपाकघराची फरशी धुतली. स्लिपर भिजतील म्हणून बाहेर काढल्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तिने दूध तापायला ठेवलं. मी अंगणात गाडी पुसत होतो, आई ओसरीवर होती. दूध वर आलं म्हणून बायकोने एका हाताने ओल्या फडक्यात स्टीलचं पातेलं धरलं. दुसरा हात नळाच्या तोटीवर होता.

मला फक्त एक आवाज आला. ओरडणं नव्हतं. घशात अडकल्यासारखा आवाज होता. मी उठेपर्यंत आई आत गेली होती. मी दारात पोचलो तेव्हा आईने मेन स्विच खाली ओढलेला होता. बायको ओट्याला घसटत खाली बसत होती आणि दूध तिच्या मांडीवरून फरशीवर पसरत होतं. मी तिला धरायला धावलो.

आई ओरडली, "थांब! आदी प्लग काढ!"

मेन बंद झालेला होता, तरी मी प्लग उपसला. मग बायकोला उचललं. तिला बोलता येत नव्हतं. हाताची दोन बोटं पांढरी पडली होती आणि पायावर भाजलं होतं. शेजारच्याची जीप काढून तिला केजला नेलं. तिथे एक दिवस ठेवून घेतलं. हृदयाचे ठोके तपासले. डॉक्टर म्हणाले की थोडक्यात निभावलं, आणखी काही क्षण गेले असते तर सांगता आलं नसतं. जीपमध्ये आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि सारखी तिच्या छातीवर हात ठेवून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो आणि टेस्टर घेऊन बसलो. मेन चालू केला, प्लग परत लावला आणि शेगडीच्या पत्र्याला टेस्टर टेकवला, त्यातला दिवा लागला. मी कितीतरी वेळ त्या लाल ठिपक्याकडे बघत होतो. मग प्लग काढून शेगडी उलटी केली. खालचे स्क्रू गंजलेले होते. आत उतू गेलेल्या दुधाचा काळा थर. आणि हिरवी तार, पत्र्याला जोडलेली असते ती, गंजून तुटून लोंबत होती. तापणाऱ्या कॉईलमधून पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत घेऊन जायला दुसरी वाट नव्हती. जो हात लावेल तोच तिची वाट.

गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने घराचंही अर्थिंग तपासलं. जमिनीतला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्याने पार कोरडा पडला होता. तो म्हणाला, "सर, ह्यात पाणी कोण वततं?" कुणीच ओतत नव्हतं. त्याने नवीन कॉईल टाकली, तार जोडली, आणि गळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच मेनपाशी बसवला. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

बायको घरी आली त्या संध्याकाळी ती आईच्या पाया पडली आणि तिथेच रडली. आईने तिला जवळ घेतलं. मी समोर उभा होतो. म्हणालो, "आई, चुकलं माझं. तू सांगत व्हतीस."

आई म्हणाली, "तुला लई कळतंय ना बाबा. म्हनून मला वाटलं, मलाच काई तरी झालंय. गोळ्या खाल्ल्या म्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी शेगडी काढून बसतो. प्लग काढायचा, पूर्ण गार होऊ द्यायची, उलटी करून सांडलेलं खरवडायचं, स्क्रू आवळायचे, हिरवी तार ओढून बघायची, प्लग कुठे काळा पडलाय का ते पाहायचं. शेवटी परत जोडून पत्र्याला टेस्टर लावायचा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर बादली ओततो. वर्गात त्या धड्याला आलो की माझ्या घरात काय झालं ते मुलांना सांगतो.

बायकोची बोटं बरी झाली, एका बोटाच्या टोकाला अजून जाणीव कमी आहे. सुईत दोरा ओवताना तिला दुसरा हात वापरावा लागतो. आई पुन्हा स्वयंपाक करते. आम्ही दोघांनी हात जोडून सांगितलं तेव्हा कुठे उठली.

पण एक गोष्ट परत आली नाही. पूर्वी आई मला सगळं सांगायची. गुडघा दुखतो, डोळ्याला पाणी येतं, शेळीने कमी खाल्लं, भिंतीला ओल आली. आता मी शाळेतून आलो की तिच्याजवळ बसतो आणि विचारतो, "कसं वाटतंय आई? काई होतंय का?"

ती भाजी निवडत असते. मान वर न करता म्हणते, "काई न्हाई बाबा. तू च्या पी."

मी तरीही उठत नाही. अजून थोडा वेळ बसून राहतो.